जीपची पाचर आणि आजोबांचे हात

पोरांनो, तुमच्या आजोबांचे हात थरथरतात की नाही, या विषयावर आपल्या कुटुंबाने यंदा जेवढी चर्चा केली तेवढी तुमच्या बाबाच्या लग्नाच्या वेळीही केली नव्हती. त्या चर्चेचा निकाल तुमच्यापर्यंत पोचलाच आहे: आजोबांनी गाडी चालवणं बंद करायचं आणि जीप विकून टाकायची. पुढे काय झालं ते मात्र तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, कारण ते सांगताना सगळ्यांनाच थोडं खाली पाहावं लागतं. मलाही लागतं. निकाल देणाऱ्यांत मी होते.

जीप तुमच्या बाबापेक्षा वयाने मोठी आहे. भंडाऱ्याच्या घरून दिघोरीच्या शेतावर जायचं आणि यायचं, एवढंच तिचं आयुष्य. पावसाळ्यानंतर आपल्या शेताकडची वाट अशी होते की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये जीपचं पोट टेकतं. धानाची एक बांधी संपून दुसरी सुरू होते तिथला धुरा, म्हणजे बांध, तर ती घासूनच ओलांडायची. दुसऱ्या कोणी माणसाने दोन ट्रॉल्या मुरूम टाकून वाट उंच केली असती. तुमच्या आजोबांनी गाडी उंच केली.

हे काम लाखांदूर रस्त्यावरच्या मिस्त्रीने केलं. प्रत्येक कमानीत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, दोन-दोन पाटे जास्त घातले, कमानी ज्या कड्यांना लटकतात त्या कड्या लांब करून घेतल्या, वर मोठे टायर चढवले. गाडी पाहून त्याला इतका आनंद झाला की त्याने तिच्यासोबत फोटो काढला.

"काकाजी, गाडी नाई राहिली आता हे. हत्ती झाला!"

हत्तीवर चढायला मला स्टूल लागू लागलं. तेव्हापासून आमच्याकडे स्टुलालाही जीपमध्ये मागच्या बाजूला कायमची जागा आहे.

पहिल्या आठवड्यातच जीप रस्त्यावर इकडेतिकडे पाहायला लागली. बाजारातून जाताना अगदी गुणाची. पण काटा चाळीसच्या पुढे गेला की आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि आजोबा स्टिअरिंग धरून तिची समजूत काढत बसायचे. एखाद्या खड्ड्यातून गेली तर सगळं पुढचं अंग असं थडथडायचं की माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. वैनगंगेच्या पुलावर एकदा आम्ही एसटीच्या इतके जवळ गेलो की ड्रायव्हरने खिडकीतून आजोबांना उद्देशून चार वाक्यं म्हटली. ती मी नातवंडांना लिहू शकत नाही. त्यांचा एकंदर आशय वार्धक्याबद्दल होता.

झालं. तिथून 'वय' हा शब्द घरात शिरला आणि सोफ्यावर बसला.

मजा पाहा. आजोबांच्या पुतण्याने एक दिवस तीच जीप दिघोरीला नेली, त्याच्याही हातून ती तशीच भरकटली. घरी येऊन तो म्हणाला, "काकू, रस्ता लय बेकार झाला." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तो तीस वर्षांचा आहे, म्हणून दोष रस्त्याचा. आजोबा चौऱ्याहत्तरचे, म्हणून दोष आजोबांचा. मिस्त्रीने गाडी त्याच्या अंगणात दहाच्या वेगाने दोनदा फिरवली आणि सांगितलं, "मले तं काहीच नाई वाटलं जी."

माझी सवय तुम्हाला माहीत आहे. मी वही केली. तारीख, ठिकाण, गाडी कोणत्या बाजूला गेली आणि कारण, असे चार रकाने. पहिल्या नोंदीच्या कारणाच्या रकान्यात मी 'वय' असं लिहिलं आणि खाली सगळीकडे तेच, म्हणून दोन टिंबांच्या खुणा करत गेले. सुवाच्य अक्षरात, पट्टीने रेघा मारून, मी माझ्या नवऱ्याविरुद्ध पुरावा तयार करत होते. असा नेटका पुरावा कोर्टातही क्वचित मिळत असेल.

आजोबा मात्र गाडीत दोष शोधत राहिले. मिस्त्रीने पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे दोन्ही एंड बदलले. काही फरक नाही. मग त्याने स्टिअरिंग बॉक्स इतका कसला की वळणावर फिरवलेलं चाक परत यायला तयारच होईना. आजोबांना ते ओढून आणावं लागे, विहिरीचा दोर ओढावा तसं. तो पुन्हा सैल केला. शेवटी मिस्त्री म्हणाला, कमान आणि एक्सल यांच्या मध्ये पाचर मारावी लागते, म्हणजे एक्सल जरा कलतो आणि गाडी सुधारते. हे त्याने कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलं होतं. लोखंडाच्या दोन पाचरी घडवून त्याने बसवल्या. त्यानंतर जीप जी भरकटली, ती आधीच्या भरकटण्याची आठवण येऊन मन प्रसन्न व्हावं अशी.

त्याच रविवारी व्हिडिओ कॉल झाला. तुमच्या बाबाने म्हाताऱ्या ड्रायव्हरांवरचा एक लेख आधीच पाठवला होता. तुमची आत्या पुण्याहून रिफ्लेक्सेस या विषयावर बोलली. तिने स्वतः आजवर दोनदा गेटला गाडी ठोकली आहे, पण बोलली छान. मी वही कॅमेऱ्यासमोर धरली. एक-एक पान उलटून दाखवलं. ठरलं की जीप विकायची. जंगलाजवळ रिसॉर्ट काढलेल्या एका गृहस्थाला जुनी जीप हवीच होती. तो ती फाटकाशी उभी करून तिच्यात बोगनवेल लावणार होता. शनिवारी येऊन घेऊन जातो म्हणाला.

"बाबा, तुम्हाला चालेल ना?" तुमच्या बाबाने विचारलं.

"बरं," आजोबा म्हणाले.

भाजीत मीठ कमी आहे की जास्त, यावर पन्नास वर्षं माझ्याशी हुज्जत घालणारा माणूस एका अक्षराचाही वाद न घालता 'बरं' म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी वही मिटली आणि चहा टाकायला गेले.

बुधवारी माझ्या बहिणीला रेल्वेत बसवून द्यायला मी वरठीला गेले. ऑटोने. (ऑटोवाला खड्डे चुकवताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मनसोक्त फिरून आला, त्याला कोणी वय विचारलं नाही.) बहीण गेल्यावर स्टेशनबाहेर परतीच्या ऑटोची वाट पाहत उभी होते. कारखान्याची पाळी सुटली होती. त्या गर्दीतून एक माणूस सायकलवर येत होता. त्याचे दोन्ही हात कामात होते: प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घेऊन तो तळहातावर घोटत होता, मन लावून. हँडलला हात नाही. सायकल मात्र शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलीसारखी सरळ चालली होती. एक दगड चाकाखाली आला, चाक जरा वाकडं झालं आणि आपलं आपण सरळ झालं. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

माझ्याकडे पाहून मात्र तो थबकला, कारण मी रस्त्यात पुढे जाऊन त्याच्या पुढच्या चाकाकडे टक लावून पाहत होते.

"का झालं काकूजी? पंचर आहे का?"

"नाही. हात सोडून सायकल सरळ कशी जाते?"

"आता थे सायकललेच इचारा," तो म्हणाला. "मी तं बसूनच राहतो." आणि खर्रा तोंडात टाकून निघून गेला.

सायकलला विचारायची गरज नव्हती. उत्तर समोर दिसत होतं. पुढच्या चाकाचा चिमटा सरळ उभा नसतो. वरचा भाग मागे कललेला असतो. त्या कलाची रेघ खाली वाढवली तर जमिनीला जिथे लागेल, त्याच्या जरा मागे चाक टेकतं, म्हणून ते मागून फरफटत आल्यासारखं येतं आणि सरळच राहू पाहतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. इंग्रजीतून शिकवलं होतं. फिजिक्स घेऊन मी बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात, आणि त्या सगळ्या शिक्षणाचा उपयोग मी रकाने आखण्यासाठी केला होता.

घरी येऊन मी वही उघडली. या वेळी कारणाचा रकाना झाकून वाचली. पहिली नोंद गाडी उंच केल्यानंतरच्या पाचव्या दिवसाची. त्याआधीची एकही नाही. शेजाऱ्यांची छोटी कार आजोबांनी मधल्या काळात दोनदा दवाखान्यापर्यंत नेली होती, शेजारीणबाईंना घेऊन. त्या दोन्ही दिवशी मी मागे बसले होते आणि लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं म्हणून लिहिलं नव्हतं. हात तेच, डोळे तेच, वय तर एका दिवसाने जास्तच.

जीपच्या हत्यारांच्या पेटीत तिचं जुनं इंग्रजी पुस्तक होतं. आजोबांना इंग्रजी वाचता येतं, पण गाडीबद्दल पुस्तकात पाहणं म्हणजे स्वतःच्या बायकोची ओळख दुसऱ्याकडून करून घेण्यासारखं आहे, असं त्यांचं मत. मी पुस्तक काढलं. ग्रीसने चिकटलेली पानं वाफेवर धरून सोडवली. पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं, ती खिळी वरून मागे कललेली हवी, असं त्यात चित्रासकट दिलं होतं. आपल्या जीपच्या कमानीची लटकती कडी पुढच्या टोकाला आहे. ती कडी लांब केली की कमानीचं नाक खाली जातं, एक्सल पुढे झुकतो, खिळी उभी होते, आणि मग चाकाला सरळ रस्त्याची आठवण राहत नाही. पाचर मारायची ती ही खिळी पुन्हा मागे कलावी म्हणून. म्हणजे मिस्त्रीचा व्हिडिओ बरोबर होता. मग जीप बिघडली का?

आजोबा ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. वाचत नव्हते.

"चला, मिस्त्रीकडे जायचंय," मी म्हटलं.

"आता कायले? शनिवारी तं जाऊनच राहिली गाडी."

"जाऊ दे. पण सरळ जाऊ दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. "तू वाचलं थे?"

"हो."

"मंग संपलंच," असं म्हणून ते उठले. पण चपला घालायला त्यांना एरवीपेक्षा कमी वेळ लागला.

आम्ही वीसच्या वेगाने गेलो. दोन सायकलींनी आणि एका म्हशीने आम्हाला मागे टाकलं. मिस्त्री आम्हाला पाहून बाहेर आला आणि मी स्टुलावरून उतरण्याआधीच म्हणाला, "काकूजी, गाडीत आता काहीच बाकी नाई. मी सगळं केलं."

"पाचरीची जाड बाजू कुठे ठेवलीस? पुढे की मागे?"

"मांगं."

"काहून?"

माझ्या तोंडून 'का'च्या जागी 'काहून' ऐकून आजोबा चमकले. शुद्ध बोलायची माहेरची आणि शाळेची, दोन्हीकडची शिस्त मी सोडल्याचा हा पहिलाच प्रसंग.

मिस्त्री मात्र खुलला. त्याच्या घरात तीन पिढ्या शंकरपटाच्या बंड्या बनतात, आणि बैलांच्या शर्यतीची ही हलकी गाडी, बंडी, हा त्याचा खरा विषय. जीप हा पोटापाण्याचा. त्याने मला समजावून सांगितलं. बंडीत मागे वजन जास्त झालं की दांडी वर उचलते, बैलाच्या मानेवरचं जू उठतं. त्याला उलार म्हणतात. उलार बंडी पटावर पळत नाही, भरकटते. म्हणून आखाशी पाचर मारायची ती नेहमी मागून जाड, म्हणजे बंडीचं नाक खाली दबतं आणि बैलाच्या मानेवर नीट बसतं.

"उलार बंडी कोणता बैल ओढन जी?" त्याने मलाच विचारलं. "तुमची गाडी उंच झाली, मांगं स्टूल काय, धानाचे बोरे काय. मी म्हटलं, उलार झाली. दाबलं नाक खाली."

"अरे, पण हिला बैल कुठे आहेत?"

त्याने बॉनेटकडे बोट दाखवलं. "आहेत ना. थे आत."

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला त्याचं पटलं. इतकं व्यवस्थित चुकलेलं उत्तर मी फार दिवसांनी ऐकत होते. जवळपास माझ्या वहीच्या तोडीचं. मग मी त्याच्या दुकानातल्या पोराची सायकल मागवली, त्याला चिमटा दाखवला, पुस्तकातलं चित्र दाखवलं. वरठीच्या खर्रावाल्याचीही गोष्ट सांगितली. तो डोकं खाजवत ऐकत होता.

"म्हंजे बंडीच्या उलट?"

"अगदी उलट. बैल पुढून ओढतो म्हणून बंडी सरळ जाते. इथे पुढे ओढणारं कोणी नाही. चाकानेच सरळ राहायचं आहे."

"पुस्तकात चुकलं असन तं?"

टायरांच्या ढिगावर बसून आजोबा स्वतःच्या तळहातांकडे पाहत होते. ते आता म्हणाले, "फिरवून पाह्य ना बाप्पा. चार बोल्ट तं खोलाचे आहेत. बिघडाचं का राहिलं आता तिच्यात?"

मिस्त्रीने जॅक लावला. कमानीचे यू बोल्ट सैल केले, पाचरी काढल्या, पुसल्या आणि जाड बाजू पुढे करून पुन्हा बसवल्या. हे सगळं करताना तो पुटपुटत होता की बापाने पाहिलं असतं तर हातोडी फेकून मारली असती. मी पुस्तक उघडं धरून शेजारी उभी होते. एका ऑपरेशनला दोन सर्जन असले की जसं वातावरण असतं तसं होतं.

तलावाच्या पाळीखालून जाणारा रस्ता सरळ आहे आणि दुपारी मोकळा असतो. मिस्त्री म्हणाला, आधी मी चालवून पाहतो. पुतण्याला फोन करावा असं मी म्हटलं. होय, तेव्हासुद्धा मी असं म्हटलं. हे लिहून ठेवलेलं बरं. आजोबांनी दोघांकडे न पाहता किल्ली घेतली आणि वर चढून बसले. मी शेजारी. मिस्त्री मागे, स्टुलावर.

वीस. तीस. चाळीसला नेहमी डावीकडे ओढ लागायची. मी दाराची कडी धरली. काहीच झालं नाही. पन्नासला आजोबांनी पकड सैल केली. मग एक हात काढून मांडीवर ठेवला. मग दुसरा. स्टिअरिंग आपलं आपण जरासं हललं आणि सरळ झालं. डाव्या बाजूला तलावाची पाळ, उजवीकडे कापणीला आलेलं धान, मध्ये एक चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस हात मांडीवर ठेवून बसलेला आणि गाडी चाललेली.

"अहो, धरा!" मी ओरडले.

"धरतो ना. घाई का आहे?"

मागून मिस्त्री म्हणाला, "काकाजी, बंडी पटावर निघाली!"

एका खड्ड्यात मात्र चाकाने थोडा हिसका दिला. मिस्त्रीने लगेच सांगितलं की स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा गाडी उंच केल्यामुळे तिरपा झालाय, तो पुन्हा आडवा करावा लागेल, पुढच्या आठवड्यात करून देतो. मी म्हटलं, ते आधी पुस्तकात पाहू. तो "हो जी" म्हणाला, फार नम्रपणे.

मिस्त्रीला दुकानाशी सोडून आम्ही घरी निघालो. अड्याळ गाव मागे पडल्यावर आजोबांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "तुले बी वाटलं होतं ना, का मीच कामातून गेलो म्हणून?"

मला खोटं बोलता येतं, पण नीट येत नाही. "हो," मी म्हटलं.

"हं."

पुढे एक ट्रॅक्टर होता. त्यांनी शांतपणे त्याला मागे टाकलं आणि गाडी पुन्हा आपल्या बाजूला आणली.

"मले बी वाटलं होतं," ते म्हणाले. "दोन महिने झाले, दाढी न्हाव्याकडंच करून राहिलो ना मी. हाताचा भरवसाच नव्हता."

मी समजत होते, ते तिथे गप्पा मारायला जातात. चार रकान्यांची वही ठेवणाऱ्या बाईच्या घरात नवरा दोन महिने स्वतःची दाढी करत नाही, आणि याची नोंद कुठेही नाही.

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. स्टिअरिंगवर ते जसे नेहमी असतात तसे होते, जाड, काळपट, बोटांच्या पेरांवर मिस्त्रीकडचं ग्रीस. मी म्हटलं, "नोंदी मी चुकीच्या रकान्यात केल्या."

"आता थे पण लिहून ठेव," ते म्हणाले.

संध्याकाळी तुमच्या बाबाला कॉल केला. पाचर, कमान, खिळी, सगळं क्रमाने सांगितलं. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "पण आई, आजची गोष्ट ठीक आहे. पुढच्या वर्षी?" तेव्हा आजोबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी तू ये. मी स्टेशनवर घ्यायले येतो. मागं स्टूल आहे, त्यावर बसजो." तुमच्या बाबाने तो लेख पुन्हा पाठवलेला नाही. आत्याचा निरोप आला की तिने मुळात असं काही म्हटलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी रिसॉर्टवाले गृहस्थ सांगितलेल्या वेळेच्या आधीच आले, मोजायची टेप घेऊन. जीपच्या आत किती माती बसेल ते त्यांना पाहायचं होतं. आजोबा अंगणात नळापाशी उभे होते, आरसा खिडकीच्या गजाला अडकवलेला, गालांना साबण, हातात रेझर. मी म्हटलं, "ते आलेत."

"विकाची नाई म्हणून सांग," आजोबा आरशातच पाहत म्हणाले.

"तुम्हीच सांगा."

"तोंडाले साबण आहे माह्या."

मी सांगितलं. गृहस्थ नाराज झाले. बोगनवेलीची रोपं त्यांनी आणून ठेवली होती. मी त्यांना चहा दिला आणि जुनी बंडी हवी असेल तर एका चांगल्या कारागिराचा पत्ता देते म्हटलं. बंडीत तो चुकत नाही.

ते गेल्यावर आजोबा तोंड पुसत आत आले. हनुवटीवर एक बारीक लाल रेघ होती, कापसाचा बोळा लावलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही म्हणते का ते बघायला.

ब्लेड दोन महिने पडून जुनं झालं होतं. मी दुपारीच नवं पाकीट आणून ठेवलं.